कोंडलेला वायू : शिंदीपासून नारायणगावच्या बाटलीपर्यंत

बीदर जिल्ह्याच्या हुमनाबाद तालुक्यातील हळ्ळीखेड (बी) हे गाव परिसरात ओळखले जाते ते ऊस, तूर आणि बीदर सहकारी साखर कारखाना यांमुळे. द्राक्षाच्या वाइनशी या गावाचा किंवा बीदर-कलबुर्गीच्या सीमाभागाचा म्हणावा असा संबंध कधी आला नाही. तरीही फसफसणाऱ्या वाइनचा, म्हणजे ज्या वाइनमध्ये कार्बन डायऑक्साइड वायू दाबाखाली विरघळवून ठेवलेला असतो अशा वाइनचा, दख्खनमधील इतिहास लिहायचा तर त्याची सुरुवात याच मुलखापासून करणे योग्य ठरते. साखर, यीस्ट आणि वायू या तिघांचे नाते या भागातील लोकांना बाटली आणि बूच यांच्या कितीतरी आधी ठाऊक होते. शिंदीच्या झाडाखाली सकाळी उतरवलेले मडके दुपारपर्यंत फेसाने भरून येते हा येथील पिढ्यांच्या परिचयाचा अनुभव होता, आणि रसायनशास्त्राच्या दृष्टीने त्या मडक्यात घडणारी क्रिया फ्रान्समधील शॅम्पेन प्रांताच्या तळघरांत घडणाऱ्या क्रियेहून वेगळी नाही. वेगळे आहे ते एवढेच की एका ठिकाणी वायू निसटून गेला आणि दुसऱ्या ठिकाणी तो कोंडला गेला. तो कोंडण्यासाठी काय काय लागले, आणि दख्खनमध्ये ते कधी व कसे जुळून आले, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

शिंदी हे खजुराच्या कुळातील झाड असून ओढ्याकाठी, पडीक जमिनीत आणि शेताच्या बांधावर ते आपोआप उगवते. ताडाच्या झाडाचा रस फुलोऱ्यातून काढतात, शिंदीचा मात्र तो शेंड्याजवळील कोवळा गाभा तासून काढावा लागतो, आणि हे काम प्रामुख्याने थंडीच्या दिवसांत चालते. एका हंगामात खोडाच्या ज्या बाजूला खाच पडते तिच्या विरुद्ध बाजूला पुढच्या हंगामात खाच घ्यायची, अशी रीत असल्यामुळे जुन्या झाडाचे खोड खालपासून वरपर्यंत नागमोडी दिसते, आणि त्या खाचा मोजल्या की झाड किती हंगाम छेदले गेले याचा हिशेब कोणालाही करता येतो. रात्रभर पाझरलेला ताजा रस म्हणजे नीरा. त्यात साधारण दहा ते बारा टक्के साखर असते, आणि मडक्याला आतून चुना लावलेला नसेल तर सूर्य वर येण्याच्या सुमारासच तो आंबू लागतो. या आंबण्याला शास्त्रीय परिभाषेत किण्वन म्हणतात. यीस्ट ही एकपेशीय बुरशी साखरेचे रूपांतर अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड यांत करते, आणि शिंदी-ताडीच्या बाबतीत झायमोमोनास मोबिलिस या जिवाणूसह इतर अनेक सूक्ष्मजीव या कामात सामील होतात. त्यामुळे शिंदीची चव दर तासाला बदलते, सकाळची गोडी दुपारी आंबटपणाकडे झुकते आणि संध्याकाळी तिचा वास उग्र होतो. जिभेवर चुरचुरणारा वायू मात्र तोपर्यंत बहुतांशी हवेत गेलेला असतो, कारण मडक्याला तोंड असते, झाकण नसते.

वायू कोंडता आला नाही, पण शिंदीचे उत्पन्न मात्र राज्यसत्तेने पुरते कोंडले. निजामाच्या हैदराबाद संस्थानात, ज्यात बीदर आणि कलबुर्गी म्हणजे तेव्हाचे गुलबर्गा हे जिल्हे 1956 च्या भाषावार प्रांतरचनेपर्यंत मोडत होते, अबकारी खाते म्हणजे मादक पेयांवरील कराचे खाते खजिन्याचा एक मोठा आधार होते, आणि शिंदी-ताडीची झाडे छेदण्याचे हक्क मक्त्याने दिले जात. झाड शेतकऱ्याच्या बांधावर असले तरी त्याच्या रसावर सरकारचा हक्क, ही गोष्ट लोकांच्या मनात इतकी खोल रुतलेली होती की 1947-48 च्या हैदराबाद मुक्तिसंग्रामात करोडगिरीचे म्हणजे जकातीचे नाके उद्ध्वस्त करण्याबरोबरच शिंदीची झाडे तोडण्याचा कार्यक्रम सत्याग्रहींनी हाती घेतला. त्या कृतीत मद्यपानविरोधाची नैतिक बाजू होती, तशीच निजामाचा महसूल बुडवण्याची रोखठोक राजकीय बाजूही होती. फेसाळ पेयाच्या इतिहासात सरकारी कर हा यीस्टइतकाच निर्णायक घटक असतो, हे पुढे नारायणगाव आणि नाशिक येथेही दिसून आले.

द्राक्षाचा प्रश्न वेगळा होता. दख्खनच्या पठारावर द्राक्षे नवी नाहीत; चौदाव्या शतकात मुहम्मद तुघलकाच्या काळी दौलताबादेस आलेल्या इब्न बतूताने तेथील द्राक्षे आणि डाळिंबे यांची नोंद करून ठेवली आहे. परंतु पुढील काळात या पठारावर जी द्राक्षशेती बहरली ती खाण्याच्या द्राक्षांची होती. विसाव्या शतकात थॉम्पसन सीडलेस ही बिनबियांची जात महाराष्ट्रात रुजली, तिच्यातून तासगाव तालुक्यातील बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी ‘तास-ए-गणेश’ आणि सोलापूरजवळील नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी ‘सोनाका’ हे वाण निवडून काढले, आणि सांगली-सोलापूर-नाशिकच्या बागाईतदारांनी मांडवावरील द्राक्षशेतीचे एक स्वतंत्र शास्त्रच उभे केले. या शेतीचा हेतू मोठा, गोड, पातळ सालीचा आणि दूरवर टिकणारा मणी हा होता, तर वाइनला लागणारा मणी लहान, जाड सालीचा, बियांचा आणि आंबटपणा राखून असलेला हवा असतो. म्हणजे दख्खनच्या शेतकऱ्याजवळ कसब होते, पण ते उलट्या दिशेने वळवायला हवे होते.

येथे युरोपातील घडामोडींचा थोडा मागोवा घेणे आवश्यक आहे. फसफसणाऱ्या वाइनचा शोध दों पेरिन्यों या बेनेडिक्टाइन भिक्षूने लावला ही लोकप्रिय कथा इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही. 1638 ते 1715 या काळात होऊन गेलेला हा भिक्षू ओव्हिलेरच्या मठाचा कोठारप्रमुख होता, द्राक्षांच्या मिश्रणाचा जाणकार होता, आणि वाइनमध्ये नको असताना येणारे बुडबुडे हा त्याच्या दृष्टीने दोषच होता. शॅम्पेन प्रांत थंड असल्यामुळे शरद ऋतूत सुरू झालेले किण्वन हिवाळ्यात थबकत असे आणि वसंतात ऊब येताच उरलेल्या साखरेवर पुन्हा सुरू होत असे. मधल्या काळात वाइन बाटलीत भरली गेली असेल तर तो वायू बाटलीतच अडके आणि बाटल्या फुटत. उलट इंग्लंडमध्ये दगडी कोळशाच्या भट्टीत तयार होणारी जाड काच आणि बुचाचा वापर हे दोन्ही आधीपासून उपलब्ध होते. 17 डिसेंबर 1662 रोजी क्रिस्टोफर मेरेट याने लंडनच्या रॉयल सोसायटीसमोर वाचलेल्या निबंधात तेथील वाइन-व्यापारी वाइन फसफसती करण्यासाठी तिच्यात साखर आणि काकवी घालतात असे नमूद केले आहे. दों पेरिन्यों मठात रुजू होण्याच्या काही वर्षे आधीची ही नोंद असून, ज्या पदार्थांनी ही वाइन फसफसली ते हळ्ळीखेडच्या शिवारातील उसाचेच भाईबंद होते ही गोष्ट येथील वाचकाने ध्यानात घेण्यासारखी आहे.

साखर किती घालावी हे मात्र पुढची पावणेदोनशे वर्षे अंदाजानेच चालले, आणि त्या अंदाजाची किंमत फुटलेल्या बाटल्यांत मोजली गेली. 1836 च्या सुमारास शालों येथील ज्याँ-बातिस्त फ्राँस्वा या औषधविक्रेत्याने वाइनमध्ये शिल्लक असलेली साखर मोजून वरून किती घालावी याचे गणित मांडले, आणि या व्यवसायाला खऱ्या अर्थाने शास्त्राचा आधार मिळाला. हे गणित आज असे सांगितले जाते : एका लिटरमध्ये चार ग्रॅम साखर आंबली की सुमारे एक वातावरण, म्हणजे समुद्रसपाटीवरील हवेच्या दाबाइतका, दाब तयार होतो. म्हणून सहा वातावरणांचा दाब हवा असेल तर लिटरला 24 ग्रॅम, म्हणजे पाऊण लिटरच्या बाटलीला 18 ग्रॅम साखर पुरते. तेवढ्या साखरेतून जवळजवळ नऊ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निर्माण होतो, जो मोकळा सोडला तर सुमारे पाच लिटर जागा व्यापेल. घरातील प्रेशर कुकरची शिटी होते तेव्हा आतील जादा दाब एका वातावरणाच्या आसपास असतो. त्याच्या पाच-सहा पट दाब काचेच्या बाटलीत महिनोन्महिने सांभाळायचा, एवढे म्हटले तरी या कामातील जोखीम लक्षात येते.

पारंपरिक पद्धतीत हे काम पुढील क्रमाने होते. आधी साधी, कोरडी आणि आंबट वाइन तयार करतात, तिला मूळ वाइन म्हणता येईल. मग ती साखर आणि यीस्ट यांसह बाटलीत भरून बंद करतात आणि थंड, काळोख्या जागी आडवी ठेवतात. काही आठवड्यांत दुसरे किण्वन पूर्ण होते, अल्कोहोल सव्वा टक्क्याच्या आसपास वाढते आणि मेलेल्या यीस्टचा गाळ बाटलीच्या कुशीत साचतो. हा गाळ लगेच काढत नाहीत. यीस्टच्या पेशी आपल्याच विकरांनी म्हणजे एन्झाइमांनी हळूहळू विरघळतात, या क्रियेला स्वविलयन म्हणतात, आणि तिच्यातून बाहेर पडणारी प्रथिने व शर्करायुक्त द्रव्ये वाइनला भाजलेल्या पावासारखा, बिस्किटासारखा वास आणि फेसाला टिकाऊपणा देतात. शॅम्पेनच्या नियमानुसार साधी शॅम्पेनसुद्धा बाटलीत भरल्यापासून पंधरा महिन्यांच्या आत विक्रीस काढता येत नाही. त्यानंतर बाटली छिद्रांच्या फळीत तिरपी खोचून रोज थोडी थोडी फिरवत उलटी करतात, जेणेकरून गाळ बुचाशी येऊन बसतो. ही फळी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी व्हव क्लिको या विधवा उद्योजिकेच्या कोठारात घडली, आणि आज तिचे काम यांत्रिक पिंजरे करतात. शेवटी बाटलीची मान गोठवतात, झाकण उघडतात, आतील दाबाने गोठलेला गाळ बाहेर उडतो, आणि रिकामी झालेली जागा थोड्या गोडीसह वाइन भरून पुरी करून अंतिम बूच व तारेची जाळी बसवतात. ‘ब्रूट’ या शब्दाचा अर्थ त्या वाइनमधील साखर लिटरला बारा ग्रॅमपेक्षा कमी आहे एवढाच असतो. भारतीय ग्राहक तो अनेकदा ब्रँडचे नाव समजून वाचतो.

या सर्व प्रक्रियेला एक दुसरी, स्वस्त वाटही आहे. 1895 मध्ये इटलीत मार्तिनोत्ती याने आणि 1907 मध्ये फ्रान्समध्ये शार्मा याने विकसित केलेल्या पद्धतीत दुसरे किण्वन बाटलीऐवजी मोठ्या बंद टाकीत करतात. फळाचा ताजा वास जपायचा असेल तर ती पद्धत उत्तमच, परंतु यीस्टच्या सहवासातून येणारी खोली तिच्यात येत नाही.

भारतात बाटलीतील दुसऱ्या किण्वनाची अवघड वाट प्रथम चोखाळली ती उद्योजक शामराव चौगुले यांनी. 1982 च्या सुमारास त्यांनी फ्रान्समधील पायपर-हाइडसिक या नामांकित शॅम्पेन घराण्याच्या तंत्रज्ञांचे साहाय्य मिळवले, आणि पुणे जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यात नारायणगाव येथे, सह्याद्रीच्या पूर्व उतारावर, समुद्रसपाटीपासून सव्वादोन हजार फुटांच्या आसपासच्या उंचीवर वाइनरी उभी केली. राफाएल ब्रिसब्वा हा फ्रेंच वाइनतज्ज्ञ या कामासाठी आला. दशकाच्या मध्यास तेथील पारंपरिक पद्धतीची फसफसती वाइन बाजारात आली; देशात ती ‘मार्कीज द पाँपादूर’ या नावाने आणि परदेशात ‘ओमर खय्याम’ या नावाने विकली गेली. निर्यातीसाठी फारसी कवीचे नाव निवडण्यात व्यापारी धोरण होते यात शंका नाही, कारण फिट्झजेराल्डने केलेल्या रुबायांच्या भाषांतरामुळे ते नाव इंग्लंडात घरोघरी पोचले होते. मराठी वाचकाला तेच नाव माधव जूलियनांच्या ‘द्राक्षकन्या’मुळे परिचित होते, पण त्याच्यासाठी ही बाटली नव्हतीच. मुंबई राज्याच्या 1949 च्या दारूबंदी कायद्याची छाया असलेल्या महाराष्ट्रात पिणाऱ्याजवळ परवाना असावा लागे, आणि वाइन ही दारूपेक्षा निराळी गोष्ट आहे हे कायद्याला वा समाजाला तेव्हा मान्य नव्हते. इंग्लंडमध्ये मात्र या भारतीय वाइनबद्दल आश्चर्यमिश्रित कौतुक व्यक्त झाले.

आश्चर्य वाटण्यास कारण होते. उत्तर अक्षांशाच्या एकोणिसाव्या अंशावर, जेथे वेल हिवाळ्यात झोपतच नाही, तेथे फसफसत्या वाइनला लागणारी आंबट द्राक्षे पिकवणे हे तेव्हाच्या पाठ्यपुस्तकांच्या विरुद्ध होते. नारायणगावकरांना याचे उत्तर खाण्याच्या द्राक्षांच्या मराठी शेतीनेच दिले. येथे वेलीची वर्षातून दोनदा छाटणी करतात : एप्रिलमधील खरड छाटणीने वेलीवर नवी काडी तयार होते, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमधील फळछाटणीने घड धरतात. त्यामुळे पीक पावसाळा टाळून जानेवारी ते मार्चच्या दरम्यान, म्हणजे कोरड्या हवेत आणि थंड रात्रींत पिकते. दिवसाच्या उष्णतेत मण्यातील मॅलिक आम्ल श्वसनात खर्च होते, पण रात्र थंड असेल तर हा ऱ्हास मंदावतो. म्हणून दख्खनमध्ये वाइनच्या दर्जाचा निर्णय दिवसाच्या उन्हापेक्षा रात्रीच्या गारठ्यावर अधिक अवलंबून असतो. फसफसत्या वाइनसाठी द्राक्षे साध्या वाइनच्या आधी, साखर पुरती चढण्यापूर्वी तोडतात. खाण्याच्या द्राक्षाच्या व्यापाऱ्याने जो माल कच्चा म्हणून परत पाठवला असता, तोच येथे योग्य ठरतो. ‘ओमर खय्याम’च्या आरंभीच्या काळात शार्दोने आणि उन्यी ब्लाँ या फ्रेंच जातींच्या जोडीला थॉम्पसन सीडलेसचाही वापर झाला. ही गोष्ट काही समीक्षकांनी उणेपणाची मानली, परंतु त्यात व्यवहारी शहाणपण होते, कारण नव्या जातीच्या बागा उत्पादनास येईपर्यंत कारखाना थांबवून ठेवणे शक्य नव्हते.

खरी कसोटी द्राक्षाची नव्हती, थंडाव्याची होती. शॅम्पेन प्रांताला खडूच्या दगडात खोदलेली तळघरे निसर्गाने आणि रोमन खाणकामगारांनी दिली, आणि तेथील तापमान बारा महिने दहा ते बारा अंशांच्या आसपास राहते. दख्खनच्या काळ्या पाषाणात असे काही नाही. येथे गारवा विजेने विकत घ्यावा लागतो. वायूची विद्राव्यता तापमानाबरोबर घटते, त्यामुळे बारा अंशांना सहा वातावरणे दाब असलेल्या बाटलीत तिशीच्या तापमानाला तो दहाच्या आसपास जातो. बाटली त्याहून बरेच सोसते, पण बुचाची पकड आणि वाइनची तब्येत सोसत नाही. बीदरसारख्या ठिकाणी मे महिन्यात पारा चाळिशीला टेकतो. तेथील दुकानात उघड्या फळीवर उभी असलेली फसफसती वाइन घेणाऱ्याने ती किती उन्हाळे तेथे उभी आहे हे जरूर विचारावे.

नारायणगावनंतर हा व्यवसाय उत्तरेकडे सरकला. 1997 मध्ये राजीव सामंत यांनी नाशिकजवळ वाइनच्या द्राक्षांची लागवड केली आणि त्यातून सुला ही कंपनी वाढली. तिने शेनँ ब्लाँ ही जात येथे रुजवली, जी उष्ण हवेतही आम्ल बऱ्यापैकी धरून ठेवते आणि म्हणून पुढे भारतीय फसफसत्या वाइनचा कणा झाली. महाराष्ट्र शासनाच्या 2001 च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणाने राज्यात तयार होणाऱ्या वाइनला अबकारी सवलत दिली, विंचूर आणि पलूस येथे वाइन उद्यानांची आखणी झाली, आणि पुढील काही वर्षांत वाइनरींची संख्या मागणीपेक्षा वेगाने वाढली. त्याच ओघात सोलापूर जिल्ह्यात अकलूज परिसरात मोहिते-पाटील कुटुंबाच्या सहभागाने आणि इटालियन भागीदारीत फ्रातेल्ली ही वाइनरी उभी राहिली; हळ्ळीखेडच्या वाचकासाठी फसफसती वाइन बनवणारे सर्वांत जवळचे प्रसिद्ध ठिकाण बहुधा तेच. कर्नाटकानेही 2007 मध्ये आपले वाइन धोरण जाहीर केले, परंतु त्याचा लाभ नंदी टेकड्या आणि विजयपूर-बागलकोटच्या कृष्णाखोऱ्याला झाला. बीदरच्या लाल जांभ्या दगडाच्या पठारावर ऊस आणि तूर यांची जागा घेण्याइतके आकर्षण त्यात नव्हते.

ऑक्टोबर 2013 मध्ये मोएत हेनेसी या फ्रेंच समूहाने ‘शाँदों’ ही फसफसती वाइन नाशिकमधून भारतीय बाजारात आणली आणि पुढे दिंडोरी तालुक्यात स्वतःची वाइनरी उभारली. ज्या कल्पनेला 1982 मध्ये धाडस म्हटले गेले तिच्यावर तीन दशकांनी जगातील सर्वांत मोठ्या शॅम्पेन उत्पादकाने शिक्कामोर्तब केले. दरम्यान ज्यांनी ती मांडली त्यांची कंपनी, जिचे नाव आरंभी शॅम्पेन इंडेज आणि नंतर इंडेज व्हिंटनर्स असे होते, परदेशातील वाइनरींची खरेदी, वाढते कर्ज आणि 2008 ची जागतिक मंदी यांच्या ओझ्याखाली सापडली आणि न्यायालयाच्या आदेशाने अवसायनात निघाली. कंपनीच्या मूळ नावातील ‘शॅम्पेन’ हा शब्दही आता तसा वापरता येत नाही, कारण 1999 चा भौगोलिक उपदर्शन कायदा सप्टेंबर 2003 पासून अमलात आला आणि एखाद्या प्रांताशी निगडित असलेले नाव त्या प्रांताबाहेरील मालाला लावणे बेकायदेशीर ठरले. याच कायद्याने नाशिक खोऱ्याच्या वाइनलाही स्वतःचे संरक्षित नाव दिले, हे न्याय्यच झाले.

आता पेल्यात काय घडते ते पाहू, कारण शिंदीचे मडके आणि नाशिकची बाटली येथे पुन्हा एका पातळीवर येतात. बूच मोकळे होताच ते ताशी पन्नास किलोमीटरच्या आसपास वेगाने निसटते आणि मानेतील वायू एकाएकी प्रसरण पावून शून्याखाली कित्येक अंश थंड होतो. बाटलीच्या तोंडाशी क्षणभर दिसणारे धुके म्हणजे हवेतील सांद्र झालेली वाफ असते. वाइन पेल्यात ओतल्यावर बुडबुडे तिच्यात आपोआप जन्मत नाहीत, कारण शून्यातून बुडबुडा उघडण्यास लागणारी ऊर्जा फार मोठी असते. रीम्स विद्यापीठातील भौतिकशास्त्रज्ञ जेरार लिजे-बेलेर यांनी वेगवान छायाचित्रणाने दाखवून दिले की पेल्याच्या काचेवर चिकटलेल्या सूक्ष्म तंतूंच्या, बहुतेक वेळा पेला पुसलेल्या कापडाच्या किंवा हवेतून आलेल्या सेल्युलोजच्या धाग्यांच्या पोकळीत अडकलेली हवा हे बुडबुड्यांचे उगमस्थान असते. अगदी निर्मळ, आम्लाने धुतलेल्या पेल्यात हीच वाइन जवळजवळ स्थिर राहते. एका उगमातून सेकंदाला अनेक बुडबुडे सुटतात, वर चढताना आजूबाजूचा वायू शोषून मोठे होतात, आणि एका पेल्यातून सुमारे दहा लाख बुडबुडे निघतात असा अंदाज आहे. पृष्ठभागाशी येताच प्रत्येक बुडबुडा फुटतो आणि त्याच्या खळग्यातून एक बारीक तुषार वर उडतो; बुडबुड्यांबरोबर वर आलेली गंधद्रव्ये त्या तुषारात मूळ वाइनपेक्षा अधिक प्रमाणात असतात, म्हणून फसफसत्या वाइनचा वास पेला नाकाशी नेण्यापूर्वीच जाणवू लागतो. बारीक बुडबुडे म्हणजे उंची वाइन ही समजूतही याच संशोधनात तपासली गेली. बुडबुड्याचा आकार मुख्यतः विरघळलेल्या वायूच्या प्रमाणावर आणि पेल्याच्या उंचीवर ठरतो, आणि जुन्या बाटलीतून बुचावाटे काही वायू गेलेला असल्यामुळे तिचे बुडबुडे लहान दिसतात. म्हणजे बारीक फेस वयाची साक्ष देतो, गुणाची हमी देत नाही.

जिभेवरची चुरचुर ही बुडबुडे टोचल्यामुळे होते असे सर्वांना वाटते, आणि ते चूक आहे. कार्बन डायऑक्साइड लाळेत विरघळल्यावर कार्बॉनिक अॅनहायड्रेज नावाचे विकर त्याचे कार्बॉनिक आम्लात रूपांतर करते, आणि तोंडातील आंबट ओळखणाऱ्या पेशी व वेदनावाहक मज्जातंतू त्या आम्लाला प्रतिसाद देतात. 2009 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने आंबट पेशींवरील या विकराची भूमिका उंदरांवरील प्रयोगांतून उघड केली. उच्च दाबाच्या कोठडीत, जेथे बुडबुडे तयारच होऊ शकत नाहीत, तेथेही माणसांना हीच चुरचुर तितकीच जाणवली हे नंतरच्या प्रयोगांत दिसले. गिर्यारोहक ही गोष्ट वेगळ्या मार्गाने जाणतात : विरळ हवेचा त्रास टाळण्यासाठी घेतली जाणारी अॅसिटाझोलामाइड ही गोळी हेच विकर थोपवते, आणि ती घेतलेल्या माणसाला सोडा किंवा बिअर एकदम मिळमिळीत, साबणाच्या पाण्यासारखी लागते. या दृष्टीने पाहता शिंदीच्या पहिल्या घोटातील झणका आणि ब्रूट वाइनमधील तीक्ष्णता यांत शरीराच्या पातळीवर काहीही फरक नाही. फरक मात्रेचा आणि टिकाऊपणाचा आहे. लांबट, अरुंद पेला या मात्रेलाच जपतो, कारण पसरट वाटीसारख्या पेल्यातून वायू लवकर निघून जातो. भारतीय समारंभांत चित्रपटांच्या प्रभावाने बाटली हलवून फेस उडवण्याची जी रीत पडली आहे तिच्यात, खरे तर, अठरा ग्रॅम साखरेचे आणि कित्येक महिन्यांच्या राखणीचे काम अर्ध्या मिनिटात वाया जाते.

27 जानेवारी 2022 रोजी महाराष्ट्र मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकण्यास मान्यता देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा शेतकऱ्याचे हित आणि दारूबंदीचा आग्रह यांचा वाद पुन्हा पेटला आणि निर्णय प्रत्यक्षात उतरला नाही. मुक्तिसंग्रामात शिंदीची झाडे तोडणाऱ्या पिढीला हा वाद परका वाटला नसता. मात्र या वादात एक गोष्ट दुर्लक्षिली जाते : भारतीय फसफसत्या वाइनचा उल्लेख निघाला की लेखक आणि पर्यटनपुस्तिका नाशिकपासून सुरुवात करतात, कारण नाशिकची कंपनी आज उभी आहे आणि नारायणगावची बुडाली आहे. हा क्रम चुकीचा आहे. उष्ण कटिबंधात, खडूच्या तळघरांवाचून आणि देशी ग्राहकावाचून, दुसरे किण्वन बाटलीत घडवून ती बाटली युरोपच्या बाजारात विकता येते हे नारायणगावने नाशिकच्या आधी सिद्ध केले, आणि दख्खनमधील बाटलीबंद फसफसत्या वाइनचा कोणताही इतिहास तेथूनच लिहिला गेला पाहिजे.